मोरया म्हणणारे लाखो, मोरेश्वर मात्र दुर्मिळ

(चेन्नई येथील गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर, थोडेफार संपादन करून)

मराठी बंधुभगिनींनो, आणि आपापल्या कार्यालयांतून आज आवर्जून आलेल्या तमिळ मित्रांनो (शेजारी बसलेली मंडळी आपल्याला अर्थ सांगत आहेत, असे मी धरून चालतो),

चिटणीसांनी मला दिलेला विषय होता ‘गणपतीची नावे’. नावे हजार आणि वेळ वीस मिनिटे. म्हणून मी एकच नाव निवडले आहे. ते म्हणजे मोरेश्वर.

का निवडले, त्याचे कारण आपल्या स्मरणिकेतच आहे. दरवर्षी तिच्यात एक पान नव्या बाळांच्या अभिनंदनाचे असते. मी गेल्या काही वर्षांची ती पाने चाळली. अथर्व आहेत, वेदांत आहेत, ओजस आहेत. ज्यांचा अर्थ आईवडिलांनाही नीट सांगता आला नाही अशी काही नावे आहेत, ती मी इथे घेत नाही, कारण ती बाळे समोरच बसलेली आहेत. मोरेश्वर एकही नाही. मग मी जुन्या अंकांतल्या आजीव सभासदांच्या याद्या काढल्या. तिथे मोरेश्वर भेटतात, मोरोपंत भेटतात, ‘मो. ग.’ आणि ‘मो. वि.’ भेटतात. एका पिढीत असलेले नाव दुसऱ्या पिढीत दिसेनासे झाले. आणि हे सगळे घडत असताना दर भाद्रपदात आपण बेंबीच्या देठापासून ओरडतो आहोत ते ‘मोरया’! आता तर ही आरोळी हिंदी चित्रपटांच्या कृपेने इथल्या विनायक चतुर्थीच्या मिरवणुकांतही ऐकू येते. ज्या नावाचा एवढा गजर होतो, ते नाव पाळण्यात का पडत नाही, असा माझा साधा प्रश्न आहे.

आधी शब्द पाहू. मोर अधिक ईश्वर, मोरेश्वर. संधी संस्कृत नियमाची, पण पहिला शब्द संस्कृत नाही. संस्कृतात मयूर. मोर हा प्राकृत. आणि तो काही कालपरवाचा नव्हे. गिरनारला अशोकाचे शिलालेख आहेत. त्यांतल्या पहिल्या लेखात राजा सांगतो की, पूर्वी माझ्या मुदपाकखान्यात पुष्कळ प्राणी मारले जात, आता फक्त तीनच मारले जातात, दोन मोर आणि एक हरिण, आणि पुढे तेही मारले जाणार नाहीत. तिथे शब्द आहे ‘मोरा’. म्हणजे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरलेला शब्द आपण अजून जसाच्या तसा बोलतो. कुणी म्हणेल, मयूरेश्वर शुद्ध आणि मोरेश्वर अपभ्रंश. मला उलट वाटते. मयूरेश्वर हे पोथीतले नाव आणि मोरेश्वर हे लोकांच्या तोंडातले. एका टोकाला गावचा शब्द, दुसऱ्या टोकाला देवाचा. असे जोडनाव आपल्याकडे फार नाही.

इथे मात्र एक अडचण आहे आणि ती चेन्नईतच येते. तमिळमध्ये ‘मोर’ म्हणजे ताक! आपल्या मंडळातले एक ज्येष्ठ सभासद, नाव अर्थातच मोरेश्वर, इथे नोकरीला नवे आले तेव्हा कचेरीतल्या सहकाऱ्यांनी अत्यंत आदराने विचारले होते, “तुमच्याकडे ताकाचाही देव असतो का?” दुपारच्या डब्यात मोर कुळंबू आले की ते भांडे आधी त्यांच्याकडे जाई. नैवेद्य म्हणून.

पण गंमत सोडली तर हा प्रांत मोराच्या देवाला परका नाही. मोराला तमिळमध्ये मयिल म्हणतात. मोर हे मुरुगनचे, म्हणजे आपल्या कार्तिकेयाचे वाहन, आणि मयिलवाहनन हे इथे मुलाचे नाव असते. मोरेश्वराचा हा तमिळ सख्खा भाऊच म्हणायचा. आपण रोज ज्या मयिलापूरमधून जातो, त्या गावाच्या नावातच मोर आहे. पार्वतीने मोराच्या रूपात इथे शंकराची आराधना केली अशी कपालीश्वराच्या देवळाची कथा आहे. खाली कावेरीकाठी मयिलाडुदुरै आहे, तिथल्या शंकराचे नाव मयूरनाथ. म्हणजे ‘मोराचा स्वामी’ हे बिरुद तमिळ देशात वडिलांकडे आणि धाकट्या मुलाकडे आहे, आणि महाराष्ट्रात थोरल्या मुलाकडे. एकाच घरातली गोष्ट आहे, बाहेर गेलेले काही नाही.

मग गणपतीकडे मोर आला कसा? आपण तर लहानपणापासून उंदीरच पाहतो. गणेशपुराणात प्रत्येक युगातला गणपती वेगळा सांगितला आहे. कृतयुगातला सिंहावर बसणारा, त्रेतायुगातला मोरावर बसणारा सहा हातांचा मयूरेश्वर, द्वापरातला उंदरावरचा गजानन, आणि कलियुगात घोड्यावर येणारा धूम्रकेतू. त्रेतायुगात सिंधू नावाच्या दैत्याला मारायला तो मोरावरून गेला. त्या मोराने त्याच्याजवळ काय मागितले, तर आपल्या नावाने तुझी ओळख व्हावी, म्हणून देव मयूरेश्वर झाला, अशी कथा सांगतात. मला ही कथा नावांच्या दृष्टीने फार आवडते. एरवी सेवक धन्याचे नाव लावतो, इथे धन्याने वाहनाचे नाव घेतले. आणि अवतारकार्य संपल्यावर त्याने तो मोर धाकट्या भावाला, स्कंदाला देऊन टाकला. आता आपल्या तमिळ मित्रांना हे पटणार नाही. त्यांच्या कंदपुराणात मुरुगनच्या वेलाने शूरपद्म दुभंगला आणि त्याच्या एका भागाचा मोर झाला. दोन्ही कथा शेजारी ठेवाव्यात आणि प्रसाद खावा.

हा मोरेश्वर ज्या गावचा ते मोरगाव. पुणे जिल्हा, बारामती तालुका, कऱ्हा नदीचा काठ, अष्टविनायकांतले पहिले स्थान. ज्यांनी यात्रा केली आहे त्यांना आठवत असेल, देवळाच्या चार कोपऱ्यांना मिनार आहेत आणि समोर चक्क नंदी बसलेला आहे, जो गणपतीच्या देवळापुढे सहसा दिसत नाही. जवळच सुप्याला मयूरेश्वर नावाचे अभयारण्य आहे, पण ते प्रसिद्ध आहे चिंकारांसाठी. नावात मोर आणि पाहायला हरिण, अशोकाच्या लेखातली जोडी इथे पुन्हा भेटते. समर्थ रामदासांना ‘सुखकर्ता’ ही आरती याच मूर्तीपुढे सुचली असे परंपरेने मानतात.

या गावाने आपल्याला नाव दिले ते नवसातून. मूल होत नाही म्हणून मोरगावला नवस करायचा, मूल झाले की देवाचेच नाव ठेवायचे. मोरया गोसावींचे नाव असेच पडले असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्यांनी चिंचवडला बस्तान बसवले पण मोरगावची वारी सोडली नाही. ती वारी अजून चालू आहे. माघात आणि भाद्रपदात चिंचवडहून देवाची पालखी मोरगावला जाते. आपल्या आरोळीतला ‘मोरया’ तो हाच, असे बहुतेक मानतात. म्हणजे आपण देवाच्या नावापुढे भक्ताचे नाव जोडून ओरडतो, आणि भक्ताचे नाव मुळात देवाचेच.

आता हे नाव किती चालत होते ते पाहा. जुन्या मोडी कागदांत ते बहुधा ‘मोरो’ असे येते. त्यापुढे पंत लागला की मोरोपंत, बा लागला की मोरोबा, भट लागला की मोरभट. शिवाजी महाराजांचे पेशवे मोरो त्रिंबक पिंगळे, प्रतापगडाच्या बांधकामाची जबाबदारी ज्यांच्यावर होती ते. कवी मोरोपंत पराडकर, जन्म १७२९, मृत्यू १७९४. पन्हाळ्याला जन्मले आणि बारामतीला, म्हणजे मोरगावच्या शेजारीच, आयुष्य काढले. झाशीच्या राणीचे वडील मोरोपंत तांबे, जे काशी आणि ब्रह्मावर्तात वाढलेल्या मराठी वस्तीतले, म्हणजे आपल्यासारखेच मुलुखाबाहेरचे. १८५८ मध्ये झाशी पडल्यावर इंग्रजांनी त्यांना फाशी दिले. १८३१ मध्ये मुंबईत जॉन विल्सन या मिशनऱ्याशी जाहीर वाद घालणारे मोरभट दांडेकर. १८६३ मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ हे पुस्तक लिहिणारे मोरोबा कान्होबा, ज्यांचे नाव तेंडुलकरांच्या नाटकापुढे झाकून गेले. १९११ मध्ये ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ देणारे मोरो केशव दामले.

यांतल्या कवी मोरोपंतांजवळ जरा थांबायला हवे, कारण आपल्या नावाशी एवढा खेळलेला दुसरा मराठी माणूस मला ठाऊक नाही. ते स्वतःला ‘मयूर’ म्हणवून घेत. आणि देवाला आळवण्यासाठी जे काव्य लिहिले त्याला नाव दिले ‘केकावली’. केका म्हणजे मोराचा टाहो. केकांची ओळ ती केकावली. मोर नाचताना सुंदर दिसतो, पण त्याचा आवाज कर्कश. आपली कविता म्हणजे मोराचे नाचणे नव्हे, त्याची आरोळी आहे, असे पंडितकवीने नावातून सुचवावे, यात किती नम्रता आणि किती ऐट आहे ते शाळेत पृथ्वी वृत्ताचे गण पाठ करताना आपल्याला कुणी सांगितले नाही.

आणखी दोन मोरेश्वर असे आहेत की ज्यांना आपण ओळखतो पण त्यांचे नाव ओळखत नाही. संस्कृत शिकलेल्या तमिळ मित्रांनाही ‘एम. आर. काळे’ माहीत असतील. कालिदासाच्या नाटकांच्या त्यांच्या टीपांसहित आवृत्त्या आणि १८९४ चे इंग्रजीतले संस्कृत व्याकरण देशभर विद्यार्थ्यांनी वापरले. त्या ‘एम’चा अर्थ मोरेश्वर. दुसरे ‘सर एम. व्ही. जोशी’, मध्य प्रांतातले नामवंत वकील. १९२८ मध्ये सरकारने नेमलेल्या संमतिवय समितीचे अध्यक्ष, ज्या काळात बालविवाहाविरुद्धचा सारडा कायदा होत होता. तो ‘एम’ म्हणजे मोरोपंत. इंग्रजी अमदानीत नावे आद्याक्षरांत गेली आणि मोरेश्वर पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरूनच दिसेनासा झाला.

पण नाव मागे पडले ते एवढ्याने नाही. मोरेश्वरचा घात केला तो ‘मोरू’ने. लांब नावाचे घरात लहान रूप होतेच. दत्तात्रयाचा दत्तू, विष्णूचा विसू, तसा मोरेश्वरचा मोरू. दत्तू वाचला, मोरू मात्र विनोदात सापडला. दसऱ्याच्या सकाळी बाप ज्याला हलवून उठवतो तो मोरू, हे विनोदी लेखनातले ठरीव पात्र झाले. त्याच्या तोंडी वाटेल ते घालावे. आचार्य अत्र्यांनी इंग्रजी ‘चार्लीज आंट’वरून नाटक केले, त्याचे नाव ‘मोरूची मावशी’. पुढे विजय चव्हाणांनी ती मावशी अशी काही रंगवली की सगळा भाव मावशीने खाल्ला आणि मोरू नावापुरता उरला. हळूहळू ‘त्याचा पार मोरू केला’ असे आपण सहज बोलू लागलो. मुलाला वर्गात असे ऐकून घ्यावे लागेल, या एका भीतीने किती मोरेश्वर जन्मण्याआधीच मयूरेश झाले असतील! मयूरेश वाईट आहे असे मी म्हणत नाही. अर्थ तोच, देव तोच. फक्त मोर गेला आणि मयूर आला. विनोदापासून पळताना आपण पोथीत जाऊन बसलो.

दुसरे कारण अधिक खोल आहे. पूर्वी नातवाला आजोबांचे नाव ठेवत. वंशावळी पाहा, मोरो, केशव, मोरो, केशव, असा एकाआड एक क्रम दिसतो. अशा घरात नाव आवडो न आवडो, ते एक पिढी थांबून परत येत असे. आपण ही चाल सोडली आणि नावे पुस्तकातून आणि आता मोबाइलवरून शोधू लागलो. आवडीवर चालणारे नाव आवड बदलली की जाते, आणि मग त्याला परत आणणारे कुणी उरत नाही. तमिळ लोकांत ही चाल आपल्यापेक्षा जास्त टिकली आहे. त्यांच्या भाषेत नातवाला ‘पेरन’ म्हणतात, आणि ‘पेर’ म्हणजे नाव. नातू म्हणजे नाव चालवणारा, हे त्यांनी शब्दातच घालून ठेवले आहे.

या संदर्भात आपल्याच मंडळातल्या एका घरातली हकीगत सांगतो, त्यांच्या परवानगीने आणि नाव न घेता. मुलगा झाला. ज्योतिषांनी पूर्वा फाल्गुनीचा पहिला चरण काढला, अक्षर आले ‘मो’. यादीत मोहन, मोहित, मोक्ष आणि मोरेश्वर. बाळाच्या पणजोबांचेच नाव मोरेश्वर, ते पाच वर्षांपूर्वी गेले. आईवडिलांना हे नाव फार आवडले. अडून बसली पणजी. सगळ्यांना वाटले, मोरू म्हणतील म्हणून तिला नको. मी बोलायला गेलो तर कारण वेगळेच निघाले. म्हणाली, “अहो, साठ वर्षं संसार केला, ह्यांचं नाव मी उखाण्याखेरीज कधी घेतलं नाही. आता ह्या पोराला हाक कशी मारू?”

यावर मला उत्तर सुचले नाही. आपल्या आज्यांनी नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, त्यामुळे आजोबांचे नाव ठेवलेल्या नातवाला घरात दुसऱ्याच नावाने हाक मारायची, हेही जुन्या घरांतून होत असे. बापू, नाना, अण्णा ही कित्येक हाकेची नावे त्यातूनच आलेली. म्हणजे मोरूला पर्याय तेव्हाही होता. तिला मी एवढेच म्हटले की, कागदावर मोरेश्वर राहू द्या, तुम्ही तुमच्या तोंडी येईल ती हाक मारा. बारशाला पाळण्यात नाव मोरेश्वरच सांगितले गेले. पणजी त्याला ‘बाप्पा’ म्हणते. परवा आरतीला तो रांगत थेट मखरापर्यंत गेला, तेव्हा “बाप्पा, बाप्पा, मागे ये” अशी तिची हाक ऐकून अर्ध्या लोकांनी हात जोडले.

हे नाव ठेवण्याचा विचार आणखी कुणाच्या मनात असेल तर दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. इंग्रजीत लिहिताना शाळेच्या पहिल्या अर्जात जे स्पेलिंग जाईल तेच पासपोर्टपर्यंत नेमके तसेच ठेवा. या नावात ‘मोअर’ वाचला जातो आणि प्रत्येक कारकून आपल्या मताने एखादे अक्षर घालतो किंवा काढतो. तमिळ लिपीत ते नीट लिहिता येते, फक्त ताकाचा विनोद एकदा होणार, तो मुलाने स्वतःच आधी केलेला बरा. आणि हाकेचे नाव तुम्हीच ठरवा. तुम्ही ठरवले नाही तर शेजारी ठरवतात.

आणखी एक. इथे आडनावाची चाल नाही, वडिलांच्या नावाचे पहिले अक्षर मुलाच्या नावाआधी लागते. आपल्यापैकी ज्यांची मुले इथल्या शाळांत शिकली, त्यांच्या दाखल्यांवर पाहा. त्या आजीव सभासद मोरेश्वरांची मुलगी आज इथे डॉक्टर आहे आणि तिच्या दारावरच्या पाटीवर नावाआधी ‘एम’ आहे. रुग्ण विचारतात, हा एम कशाचा? ती सांगते, मोरेश्वर. मग ते विचारतात, म्हणजे काय? आणि ती म्हणते, मयिलवाहनन. ते समजतात.

आरतीची वेळ झाली आहे, तबके तयार आहेत, चिटणीस मघापासून घड्याळ दाखवत आहेत. गणपती बाप्पा...